जुनी रंगीत फणेरपेटी हाती आली तर: ओळखण्यापासून जपण्यापर्यंत

फणेरपेटी म्हणजे झाकणाच्या आतल्या बाजूला आरसा बसवलेली लाकडी पेटी. झाकण उघडून मागे तिरकं टेकवलं की जमिनीवर बसल्या बसल्या चेहरा दिसतो. पुढच्या खणांत कुंकवाचा करंडा, मेणाची डबी, फणी, काजळ, केसांचे आकडे. कपाळावर आधी मेण लावायचं आणि मग त्यावर कोरडं कुंकू टेकवायचं, म्हणून मेणाच्या डबीला पेटीत हक्काची जागा असे.

घरं पाडली जातात, वाटण्या होतात, माळे रिकामे होतात, आणि अशी पेटी अचानक तुमच्या हातात येते. काच धुरकट झालेली असते, रंगाचे पोपडे निघालेले असतात, एक बिजागरी तुटलेली असते. घरातला कोणीतरी लगेच म्हणतो, "काच बदलून घे, पॉलिश मारून घे, नवी होईल." हा लेख त्या वाक्यानंतर आणि सुताराला फोन करण्याआधी वाचायचा आहे. माझ्याकडे आत्याची रंगीत पेटी आली तेव्हा मराठीत कुठेच नीट माहिती मिळाली नाही. विचारत, वाचत, जाणकारांना दाखवत जे कळलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. भिंतीवरचा रंगीत लाकडी चौकटीचा जुना आरसा असेल तर त्यालाही यातलं बहुतेक सगळं लागू पडतं.

१. पहिले काही दिवस फक्त बघा

पेटी पुसू नका, झटकू नका, उन्हात ठेवू नका. टेबलावर धुतलेलं सुती कापड अंथरून त्यावर ठेवा आणि सगळ्या बाजूंनी फोटो काढा: तळ, पाठ, आतले खण, बिजागऱ्या, कडी-कोयंडा. नंतर खोलीत अंधार करून टॉर्च पेटीला जवळजवळ टेकवून आडवा धरा. समोरून सपाट दिसणारा रंग या तिरक्या उजेडात कुठे फुगलाय, कुठे कडा सुटल्या आहेत, ते लगेच दाखवतो. त्या जागांचेही फोटो घ्या. पुढे काहीही करताना या जागांना हात लावायचा नाही.

याच दिवसांत घरातल्या थोरांना विचारून घ्या. पेटी कोणाची, कोणाच्या लग्नात आली, माहेर कुठलं. आजी, मावशी, काकू जे सांगतील ते तारखेसह वहीत उतरवा. पेटीचं वय ठरवताना नव्वदीतल्या माणसाची आठवण कधी कधी लाकडापेक्षा जास्त सांगते.

२. लाकूड आणि जोडणी

पेटी उचलून बघा. आकाराच्या मानाने जड असेल तर बहुधा सागवान. फिकट पिवळसर, हलकी, पण घट्ट असेल तर शिवण असू शकतं. अगदीच हलकं आणि नखाने दबणारं लाकूड म्हणजे पांगाऱ्यासारखं मऊ लाकूड, जे सावंतवाडीच्या कारागिरांनी खेळण्यांसाठी पूर्वापार वापरलं. नखाची परीक्षा रंगावर नाही, तळाच्या आतल्या कोपऱ्यात करा.

तळाकडे आणि पाठीकडे नीट बघा, कारण खोटं सोंग तिथे उघडं पडतं. हाताच्या रंध्याने तासलेल्या फळीवरून बोट फिरवलं की बारीक चढउतार लागतात. अधिकच्या चिन्हाचा स्टार स्क्रू १९३० नंतरचा. तो दिसला म्हणजे पेटीच नवी, असं नाही. बिजागरी नंतर बदललेली असू शकते. पण सगळेच स्क्रू तसे असतील आणि त्यांच्याभोवती जुन्या खिळ्यांची भोकं कुठेच नसतील, तर विक्रेता सांगतो ती "दीडशे वर्षं" विसरा.

३. आरसा: सगळ्यात जास्त चुका इथे होतात

जुने आरसे मुख्यतः दोन प्रकारचे, आणि तुमच्या पेटीत कोणता आहे हे कळल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही.

पहिला पाऱ्याचा. कथलाच्या पातळ पत्र्यावर पारा पसरायचा, त्यावर काच सरकवायची, वरून वजन ठेवायचं आणि जास्तीचा पारा निथळू द्यायचा. सोळाव्या शतकापासून युरोपात, आधी व्हेनिसमध्ये, याच पद्धतीने आरसे बनले आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत ही पद्धत कुठे ना कुठे चालू होती. दुसरा चांदीचा. जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फोन लिबिग यांनी १८३५ मध्ये काचेवर चांदीचा पातळ थर बसवण्याची रीत शोधली आणि पुढच्या काही दशकांत तिने पाऱ्याला हटवलं.

ओळखायचं कसं? पाऱ्याच्या आरशातलं प्रतिबिंब किंचित निळसर-राखाडी, थंड दिसतं. खराब झालेल्या जागी करडे ठिपके असतात आणि तिरक्या उजेडात ते चमचमतात. झीज बहुतेकदा खालच्या कडेकडून सुरू होते, कारण पारा वर्षानुवर्षं हळूहळू खाली उतरतो. पाठीला रंग नसतो; उघडा धातूसारखा थर असतो. चांदीच्या आरशातलं प्रतिबिंब जरा उबदार, पिवळसर. त्याच्या पाठीला तांबूस किंवा तपकिरी रंगाचा संरक्षक हात दिलेला असतो आणि ओल शिरली की कडांकडून काळे डाग पसरतात.

पाऱ्याचा आरसा वाटत असेल तर पुढचं नीट वाचा. अंगठ्या, बांगड्या, साखळी काढून ठेवा. सोन्याला पारा लागला की तो सोन्यात मुरतो. हातमोजे घाला, खिडक्या उघडा, लहान मुलांना लांब ठेवा. आरसा उलटा पालथा करू नका, पाठ खरवडू नका, उष्णता देऊ नका. चौकटीच्या खाचेत किंवा खणात चकचकीत बारीक थेंब दिसले तर झाडू मारायचा नाही आणि व्हॅक्यूम क्लीनर तर मुळीच लावायचा नाही. झाडूने थेंब फुटून सगळीकडे जातात आणि व्हॅक्यूमने पाऱ्याची वाफ घरभर होते. दोन जाड कागदांनी थेंब एकत्र लोटा, चिकटपट्टीने टिपा, थोडं पाणी असलेल्या काचेच्या बरणीत घालून झाकण घट्ट लावा. ही बरणी कचऱ्याच्या डब्यात किंवा मोरीत रिकामी करू नका. घातक कचरा वेगळा घेण्याची सोय कुठे आहे ते महापालिकेत विचारा. आणि हो, अशी पेटी झोपायच्या खोलीत नको.

काचेची जाडी बघायची एक जुनी युक्ती आहे. टोकदार पेन्सिल काचेला टेकवा. खरं टोक आणि प्रतिबिंबातलं टोक यांत जेवढं अंतर, त्यावरून काच किती जाड हे कळतं. जुन्या छोट्या पेट्यांतली काच सहसा पातळ असते. मग आरसा थोडा थोडा हलवत त्यात दाराची सरळ कड बघा. कड लहरत असेल, काचेत बारीक बुडबुडे असतील, तर काच फ्लोट काचेच्या आधीच्या पद्धतीची. वितळलेल्या कथलावर काच तरंगवून ती आरपार सपाट करण्याची रीत ब्रिटनमधल्या पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केली, आणि आज आपण घरात वापरतो ती काच त्याच रीतीची. म्हणजे काच अगदी सपाट असेल तर बहुधा ती मागाहून बसवलेली आहे. लहरी काच मात्र आपोआप शंभर वर्षांची ठरत नाही. तशी काच पुढेही बरीच वर्षं बनत होती.

आता मूळ मुद्दा. आरसा धुरकट झाला म्हणून बदलू नका. चेहरा बघायला घरात दुसरे आरसे आहेत. जुनी काच एकदा सुताराच्या दुकानात टाकून आलात की पेटीच्या वयाचा सगळ्यात मोठा पुरावा गेला. शिवाय काच काढताना कडेच्या पट्ट्या उचकटाव्या लागतात आणि बरोबर त्या पट्ट्यांवरच रंगकाम सर्वांत नाजूक असतं. आरसा फुटलेला असेल, तुकडे पडत असतील, तरी तुकडे जपून ठेवा आणि सातव्या टप्प्याकडे या.

४. रंगाचे थर समजून घ्या

रंग लाकडावर थेट दिलेला नसतो. आधी अस्तर. आपल्याकडच्या आणि शेजारच्या बऱ्याच परंपरांमध्ये चिंचोक्याची खळ आणि खडूची किंवा पांढऱ्या मातीची भुकटी एकत्र करून ते हात देत, सुकल्यावर घासून गुळगुळीत करत. त्यावर रंग: हिंगुळाचा लाल, हरताळाचा पिवळा, निळीचा निळा, काजळीचा काळा, गेरू. सर्वांत वर लाखेचा किंवा चंद्रूस नावाच्या राळेचा चकाकता थर.

हे तीन थर डोक्यात ठेवलेत की काय करायचं नाही ते आपोआप कळतं. खळ पाण्याने फुगते, म्हणून ओलं फडकं नको. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून काच पुसायचा फवारा, सॅनिटायझर, अत्तर, यांतलं काही पेटीजवळ आणू नका. हळदीकुंकवाला ही पेटी मधोमध मांडून तिच्यावर गुलाबपाणी शिंपडलेलं मी पाहिलंय. बघणाऱ्याला कौतुक वाटतं, रंगाला ते सोसत नाही. आणि हिंगूळ म्हणजे पारा आणि गंधक, हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक. जुन्या पांढऱ्या रंगात शिसंही असू शकतं. त्यामुळे काचकागद मारणं रंगासाठी वाईट आहेच, तुमच्या फुप्फुसांसाठीही वाईट आहे.

पेटी कुठली, हे रंगकामावरून थोडंफार कळतं. खराद्यावर फिरवलेल्या गोल खांबांची चौकट, लाखेखाली कथलाची सोनेरी झाक आणि तांबड्या-तपकिरी पार्श्वभूमीवर बारीक नक्षी असेल तर गुजरातमधल्या संखेड्याचा विचार करा. उत्तर कर्नाटकात कोप्पळजवळचं किन्नाळ आणि तेलंगणातलं निर्मल, ही दोन्ही लाकडावरच्या रंगकामाची जुनी गावं, आणि लग्नसंबंधांतून तिकडच्या वस्तू मराठवाड्यात, सोलापूरकडे आल्या तर नवल नाही. कोकणातली पेटी असेल तर पहिलं नाव सावंतवाडीचं. तिथल्या चितारआळीत लाकडाची फळं, खेळणी, पाट, चौरंग रंगवणारी घराणी आहेत. गंजिफाची, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांची, कला विझायला आली होती तेव्हा तिथल्या राजघराण्यातले शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यातच कारागिरांना बसवून ती पुन्हा उभी केली. आजही राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये लाकडावर वेलबुट्टी आणि दशावतार रंगवणारे हात बघता येतात. तुमची पेटी सावंतवाडीची असो नसो, एकदा तिथे जाऊन पानाची एक वेल ब्रश न उचलता कशी ओढली जाते ते बघून या. त्यानंतर जुन्या पेटीवरची वेल तुम्हाला वेगळी दिसेल: कुठे हात सराईत आहे, कुठे नवशिक्याने मागून भर घातली आहे.

मागून दिलेला रंग ओळखायची सोपी खूण म्हणजे भेगा. मूळ रंग लाकडाबरोबर तडकतो, म्हणून भेगेच्या आत कोरं लाकूड किंवा धूळ दिसते. भेगेच्या आत रंग उतरलेला असेल तर तो भेग पडल्यानंतरचा हात आहे. आणखी एक जागा म्हणजे आरशाच्या पट्टीची सैल झालेली कड. तिच्याखाली उजेड न लागलेला रंग डोकावतो आणि पेटी मुळात किती भडक होती ते कळतं.

५. धूळ काढणं

लागणारं सामान साधं आहे:

- जलरंगाचे दोन मऊ, रुंद ब्रश, नवे
- धुतलेलं, खळ नसलेलं मांजरपाट किंवा मलमल
- कापसाच्या काड्या आणि डिस्टिल्ड वॉटर
- पातळ हातमोजे, मास्क
- टॉर्च आणि भिंग
- छोट्या झिपच्या पिशव्या आणि पेन्सिल, सुटलेल्या तुकड्यांसाठी

कोरड्या ब्रशने, वजन न देता, वरून खाली. व्हॅक्यूम वापरायचाच असेल (आरसा पाऱ्याचा नाही याची खात्री असेल तरच) तर नळीच्या तोंडाला मलमल बांधून ती वितभर लांब धरा आणि ब्रशने धूळ तिकडे लोटा. पोपडा सुटला तर तो पिशवीत घालून वर लिहा: "झाकण, डावा वरचा कोपरा." फेविक्विक लावू नका.

काच समोरून पुसायची तर कापसाची काडी डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून, टिपकागदावर जवळजवळ कोरडी करून, काचेच्या मधल्या भागापुरतीच फिरवा. कडेपर्यंत गेलात तर पाणी पट्टीखाली शिरून पाठीचा थर खातं.

खणांतलं कुंकू आणि मेण तसंच राहू द्या. कुंकवात हळद असते आणि साबण लागला की हळदीचा रंग बदलून डाग उलट पसरतो. आणि ते डाग काढायचे तरी कशाला? कोणत्या बाईने किती वर्षं रोज सकाळी बोट कुठे बुडवलं, ते तिथेच लिहिलेलं आहे.

खोबरेल, जवसाचं तेल, लिंबू, फर्निचर पॉलिश: यातलं काहीही नाही. तेलाने दोन दिवस रंग खुलल्यासारखा वाटतो, नंतर धूळ धरून काळा पडतो, आणि जवसाचं तेल एकदा वाळलं की ते काढताना खालचा रंगही येतो.

६. कीड आहे का?

बारीक गोल भोकं आणि पेटीखाली पिठासारखी भुकटी दिसली तर घाबरू नका. भोकं जुनीही असू शकतात. पेटी काळ्या कागदावर ठेवून इतर लाकडी सामानापासून लांब दोन-तीन आठवडे बघा. कागदावर ताजी, फिकट भुकटी पडत राहिली तर कीड जिवंत आहे. रॉकेल ओतू नका, फवारा मारू नका, फ्रीजरमध्येही घालू नका. लाकूड, रंग आणि काच थंडीत वेगवेगळे आकसतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि जाणकाराकडे न्या.

७. दुरुस्ती कोणाकडे

सैल बिजागरी, निसटलेला तळ, हे चांगला सुतार करू शकतो, पण अट घाला: फेविकॉल नाही, सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला जुन्या पद्धतीचा गोंद. सरस गरम ओलाव्याने पुन्हा सोडवता येतो, त्यामुळे पुढच्या माणसाला दुरुस्ती सुधारता येते. जुने खिळे काढले तर ते पिशवीत तुम्हाला परत हवेत, हेही आधीच सांगा.

रंगाचे पोपडे बसवणं, पाऱ्याचा आरसा, कीड, ही संवर्धकांची कामं. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तू संग्रहालयाचं कला संवर्धन केंद्र आहे, वारसा जपणाऱ्या इंटॅक या संस्थेची केंद्रं देशात अनेक ठिकाणी आहेत. आधी पहिल्या टप्प्यातले फोटो पाठवा. लेखी अंदाज घ्या आणि त्यात "काय करणार नाही" हेही लिहून मागा.

"पुन्हा रंगवून द्या" असं कोणालाही सांगू नका, कितीही कुशल हात असला तरी. ताजी, झळझळीत पेटी हवी असेल तर कारागिराकडून नवी करून घ्या. त्याला काम मिळतं, जुनी पेटी जुनी राहते.

८. विकत घेत असाल तर

पुण्यातला बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईतली चोर बाजारची मटन स्ट्रीट, कोचीची ज्यू टाऊन, चेट्टिनाडमधलं कारैकुडी, सगळीकडे अशा वस्तू दिसतात. आणि सगळीकडे नव्या लाकडाला चहाचं पाणी, बूटपॉलिश, पोटॅशियम परमँगनेट लावून जुनं केलेला मालही दिसतो. झिजलेल्या जागा बघा. खरी पेटी झाकणाच्या पुढच्या कडेला, जिथे अंगठा लागतो तिथे, आणि तळाच्या कोपऱ्यांवर झिजते. चारही बाजूंनी सारखी झीज म्हणजे काचकागद. झाकण उघडून वास घ्या. बूटपॉलिशचा वास आठवडे जात नाही. "संस्थानिकांच्या वाड्यातून आली" या गोष्टीसाठी एक रुपयाही जास्त देऊ नका, कागद असेल तरच द्या.

हस्तिदंताची पट्टी किंवा मूठ असेल तर व्यवहार तिथेच थांबवा. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली हस्तिदंताची खरेदी-विक्री बेकायदा आहे, वस्तू कितीही जुनी असो.

मागून घ्यायचे कागद:

- वस्तूचं वर्णन, मापं आणि विक्रेत्याने सांगितलेलं वय लिहिलेलं बिल
- वय शंभर वर्षांहून जास्त सांगत असेल तर विक्रेत्याचा पुरावस्तू विक्रीचा परवाना
- पुरावस्तूची नोंदणी झालेली असेल तर त्या नोंदणीचा दाखला
- विक्रेत्यासमोर काढलेले फोटो

९. कायदा आणि परदेशातली लेक

१९७२ च्या पुरावस्तू आणि कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षं किंवा त्याहून जुनी अशी कलावस्तू पुरावस्तू ठरू शकते. अशी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, विकायलाही नाही आणि भेट म्हणूनही नाही. काही प्रकारच्या पुरावस्तूंची भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे नोंदणीही करावी लागते. लाकडावर चित्रं असतील तर आधी त्यांना विचारा.

अमेरिकेतल्या मुलीला पणजीची पेटी द्यायची इच्छा अगदी स्वाभाविक आहे. पेटी शंभर वर्षांच्या आतली वाटत असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र आधी घ्या आणि मगच ती बॅगेत घाला. "विमानतळावर कोण बघतंय" यावर जाऊ नका. पेटी जप्त झाली तर ती ना मुलीकडे जाते, ना तुमच्याकडे राहते.

१०. ठेवायची जागा

थेट ऊन नको, बाहेरच्या ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवून नको, देवाच्या दिव्याजवळ आणि उदबत्तीच्या धुरात नको. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात बंद कपाटात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या वेळोवेळी बदला. मांजरपाटात सैल गुंडाळा; वर्तमानपत्रात किंवा प्लॅस्टिकमध्ये कायमची बांधून ठेवू नका. डांबराच्या गोळ्या पेटीच्या आत टाकू नका, त्यांच्या वाफेने वरचा चकाकता थर मऊ पडू शकतो. आरसा पाऱ्याचा असेल तर पेटी ज्या स्थितीत सापडली त्याच बाजूवर ठेवा, आडवी-उभी बदलू नका.

दर वर्षी पावसाळा संपला की तोच टॉर्च, तोच तिरका उजेड, आणि पहिल्या टप्प्यातले फोटो शेजारी. नवा पोपडा, नवा डाग, नवी भुकटी दिसली तर वहीत तारीख घाला. ही वही, बिल आणि फोटो एका पाकिटात घालून पेटीच्या शेजारी ठेवा, आत नाही. जुना लाल रंग कागदाला लागतो.